आक्कांच्या क्रोटनची शेवटची फांदी

माझ्या आक्का,

पत्राच्या वर तीर्थरूप, साष्टांग असलं बरंच काही घालायचं असतं म्हणे. मला ते नीट येत नाही, म्हणून नुसतं आक्का. माझी शाळा दुसरीपर्यंतची, तीही म्हैस चारायला कुणी नसलं की बुडायची. आणि तुम्हाला तर अक्षर वाचता येत नव्हतं. पण आपल्या गावची एवढी माणसं तिकडं गेलीत, कुणाकडून तरी वाचून घ्या. फक्त त्या तलाठ्याच्या म्हातारीकडून नको. ती सगळ्या स्वर्गाला सांगत सुटेल.

आज का लिहायला बसले ते आधी सांगते. परवा सकाळी मी तुमच्या क्रोटनची गुटी बांधलेली, मुळं फुटलेली फांदी तोडली आणि डब्यात लावली. आज तिसरा दिवस. सकाळपासून दोन पानं गळाली, आक्का! अजून एक पिवळं पडलंय. विचारायचं कुणाला? ह्या घरात हे सगळं येणारं एकच माणूस होतं, ते निघून जाऊन दोन वर्षं झाली. तीस वर्षं आपण एका चुलीवर भाकरी थापल्या, पण मी एकदाही विचारलं नाही, की जाऊबाई, गुटी तोडल्यावर पानं गळतात का हो? किती गळाली म्हणजे घाबरायचं?

थांबा, बघून येते.

आले. तिसरंही गळालं. वरची सात आहेत अजून. त्यातली दोन मान टाकून आहेत, पण सकाळीही टाकूनच होती.

मी हे मधूनच सांगतेय, तुम्हाला कळायचं नाही. आधी आनंदाची बातमी. आपल्या दत्तूला श्रीरामपूरकडं साखर कारखान्यावर नोकरी लागली, कायमची! आता दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला नको. चाळीत एक खोली मिळालीय, बाहेर ओटा आहे, आणि म्हणे पाटाचं पाणी अगदी दारावरून जातं. पाणी दारावरून! इथं टँकर आला की बायका हंडे घेऊन अशा धावतात की देवाच्या पालखीला धावल्या नसतील. पाडव्याच्या आत बिऱ्हाड हलवायचं ठरलंय. येत्या सोमवारी ट्रक येणार, आणि घराला कुलूप.

आणि दुसरी बातमी ह्याहून मोठी. तुम्हाला नात झालीय. आपल्या सुनेच्या, सुमनच्या कुशीला सहा वर्षं काही नव्हतं, तुम्ही नवस बोलत होता, तो तुमच्या माघारी फळला. छबी तिचं नाव. चौदा महिन्यांची आहे, चार दात आलेत, भिंत धरून चालते, आणि रंगीत काही दिसलं की दोन्ही हातांनी थापट्या मारते. क्रोटनच्या लाल पानाला अशी थापटते जणू तिची मैत्रीणच. मी तिला लांब धरते, त्याचा चीक वाईट. तुमची लुगडी आठवतात ना? एकही असं नव्हतं ज्यावर त्या चिकाचे तपकिरी डाग नव्हते. मी म्हणायचे, ह्या बाईला नवं लुगडं घेऊन उपयोग नाही, आठ दिवसांत चित्त्यासारखं करून ठेवते. आता माझ्या पदरावर तीन डाग पडलेत. साबण लावून घासले. जात नाहीत.

काय सांगत होते? हां, दत्तू.

नोकरीचं दिवाळीनंतरच कानावर आलं होतं. त्या दिवशी दत्तू अंगणात उभा राहिला, मोरीजवळच्या क्रोटनकडं बघितलं आणि म्हणाला, "आई, जायचं झालं तर मोठ्या आईचं एक तरी झाड न्यायचं बरं का. बाकीची दुष्काळानं खाल्ली. हे एकच उरलंय."

मी म्हणाले, "नेऊ की."

पण न्यायचं कसं? ते जमिनीतलं झाड, बुंधा माझ्या मनगटाएवढा. दोन वर्षांच्या वाळवणीनं खालून सगळं उघडं पडलेलं, पानं उरली ती दोनच फांद्यांच्या शेंड्यांना. उपटलं तर मेलंच. फांदी तोडून ओल्या मातीत खोचावी, तर अशा कोरड्या हवेत दोन दिवसांत काटकी होते, ते मी करून बघितलं. मग तुम्ही करायचा तशी गुटी बांधायचं ठरवलं. फांदी झाडावरच ठेवायची, साल काढून ओली माती बांधायची, मुळं फुटली की मग तोडायची.

तुमच्या वडिलांनी शिकवलेलं, नाही का? नगरच्या कॅम्पात कुठल्याशा बंगल्यावर ते बाग बघायचे. सगळ्यांच्या रुखवतात लाडू-करंज्या असतात, तुमच्या रुखवतात रंगीत पानाचं रोप. सासूबाई मरेपर्यंत सांगायच्या, "आमच्या थोरलीनं रुखवतात झुडूप आनलं!" मी तुमच्यामागून पाच वर्षांनी ह्या घरात आले, तोवर अंगणभर डबे झाले होते. फूल नाही, फळ नाही, देवाला वाहायला नाही. नुसती पानं. लाल, पिवळी, ठिपक्यांची, पट्ट्यापट्ट्यांची. मला वाटलं भाजी असेल.

हसू नका. तुम्हीच हसायचा त्या गोष्टीवर. मला येऊन दहा दिवस झाले असतील, सासूबाई म्हणाल्या, परसातलं काहीतरी बघ आणि कालवण कर. मी तुमच्या त्या गुलाबी शिरांच्या अळवाची पानं खुडली, मला वाटलं काय तरी चांगल्या जातीचं अळू दिसतंय, आणि डाळ-शेंगदाणे घालून केली भाजी. मामंजींनी पहिला घास घेतला आणि घसा धरून उठले. मग तुमचे मालक, मग माझे. चिंच चघळत सगळी पुरुषमाणसं ओळीनं ओट्यावर बसली, कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. मला वाटलं आता मला माहेरी धाडतात. आणि तुम्ही पदरात तोंड घालून हसताय! "शोभेचं हाय गं ते बये, खायाचं न्हाई," म्हणालात. तुमची आठ-नऊ पानं गेली होती, पण तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. सासूबाईंना सांगितलंत, "मीच तिला तोड म्हनले."

हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवते.

तर गुटी. पहिली बांधली ती धाकट्या फांदीला, कार्तिकातच. बोटाच्या पेराएवढी साल गोल काढली. तुमचं एक वाक्य लक्षात होतं, "आतलं बुळबुळीत हिरवं खरवडून काढ, हाडावानी पांढरं दिसलं पायजे, न्हाई तर साल परत जुळती." तसं केलं. शेवाळ कुठून आणू? आडाच्या तळाला सुद्धा भेगा. मग काथ्याची जुनी दोरी उसवली, कुजकं शेणखत आणि माती कालवली, गोळा बांधला, वर गोणपाट, त्यावर सुतळी. रोज छबीच्या आंघोळीचं उरलेलं पाणी चमचा-चमचा सोडायचे.

सुमन बघायची. ती बोलायची नाही फार, पण एकदा बोललीच.

"आत्याबाई, पोरीला वाटीभर पानी आन झाडाला तांब्याभर?"

"तांब्याभर कुटं गं? हे बघ, तळाला हाय."

"झाड तुमच्या मांडीवर मुतनार न्हाई, पोरगी मुतती. धुनं कशात धुवू मी?"

खरंच होतं. पण दुसऱ्या दिवशी माझ्या वाट्याच्या चहातलं पाणी कमी केलं आणि ते झाडाला घातलं. माझा चहा, माझं झाड!

आणि मग मी काय केलं, आक्का? शहाणपण केलं. पंधरा दिवस झाले, मला राहवेना. सुतळी सोडली, गोणपाट उचकटलं, आत बोट घालून बघितलं. काही नाही. परत बांधलं. चार दिवसांनी परत सोडलं. मग दोन दिवसांनी. मला आपली धास्ती, आत कुजतंय का, वाळतंय का, मुंग्या लागल्यात का. एकदा दिसली! शेवयांच्या तुकड्यांसारखी पांढरी, इवली तीन मुळं. असा आनंद झाला मला, की सुमनला हाक मारली, शेजारच्या बायजाला भिंतीवरून हाक मारली, छबीला उचलून आणलं. सगळ्यांनी बघितलं. बायजानं तर बोट लावून बघितलं. चार दिवसांनी सोडलं तर तीनही मुळं काळी. मोडली होती. माझ्याच हातांनी, कौतुकानं.

फांदीही गेली वरून.

तुम्ही कसं धीर धरून बसायचा हो? दोन-दोन महिने बांधलेल्या गोळ्याकडं नुसतं येता-जाता बघायचं, बोट लावायचं नाही. मला वाटायचं तुम्हाला फिकीरच नाही. आता कळतं, फिकीर होती म्हणून हात लावत नव्हता.

राहिली एक फांदी. वर दहा पानं. ही गेली की तुमचं ह्या घरात काही उरत नाही. संक्रांतीपर्यंत माझी तिला हात लावायची छाती झाली नाही. वस्तऱ्याचं पातं घेऊन जायचे, फांदी धरायचे, आणि परत यायचे. साल काढली आणि मुळं नाही फुटली, म्हणजे उरलेलंही आपणच मारलं.

पण त्याच्याही खाली दुसरं एक होतं. आता ते सांगते. ह्याच्यासाठीच खरं तर पाटी-पेन्सिल सोडून बाईनं ह्या वयात कागद घेतलाय.

दत्तू म्हणतो, झाडं दुष्काळानं खाल्ली. गावही तेच म्हणतं. बायजा तर येईल त्या पाहुण्याला सांगते, "आमच्या आक्काची बाग होती, दुष्काळानं नेली." मी मान हलवते.

दुष्काळ नंतर आला, आक्का. आधी मी होते.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा आडाला पाणी होतं. पोहऱ्याला दोरी पुरत होती. तुम्ही म्हणालात, "चंद्रा, डब्यांना तांब्या-तांब्या घालीत जा." मी म्हणाले, "व्हय." पहिले सहा-सात दिवस घातलं. मग एक दिवस राहिलं, मग दोन. तुम्ही रोज विचारायचा, "पानी घातलं?" मी म्हणायचे, "घातलं." खाटेवरून तुम्हाला अंगण दिसत नव्हतं. तुम्ही डोळे मिटून "बरं" म्हणायचा आणि तुमच्या तोंडावर असं समाधान यायचं, की मला आणखी राग यायचा.

हो, राग! आता खरं लिहायचं तर सगळंच लिहिते. दीड महिना मी तुमचं हगणं-मुतणं काढलं, कूस बदलली, भरवलं. माझी कंबर धरली होती, भिंत धरून उठत होते. आणि तुम्ही सकाळी डोळे उघडले की पहिलं काय विचारायचा? त्या पट्ट्यांच्या झाडाला नवं पान आलं का. एकदा तरी विचारायचं ना, चंद्रा, तू जेवलीस का? एकदा तरी! त्या झाडांना मी तांब्या घालायचे आणि मला कुणी घालायचं?

म्हणून नाही घातलं. विसरले नाही. जाता-येता दिसत होतं, पानं खाली झुकतायत, आणि मी पुढं जात होते.

तुम्ही गेलात. तेरा दिवस पाहुण्यांत गेले. त्यानंतर घालता आलं असतं. अर्धी तरी वाचली असती. पण तोवर त्यांच्याकडं बघायची लाज वाटायला लागली होती, आणि लाज वाटली की माणूस त्या बाजूला जातच नाही. होळीपर्यंत वीस-बावीस डब्यांत नुसत्या काड्या. पुढं मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, आणि सगळ्यांनी माझ्यासाठी कारण शोधून दिलं. मी ते घेतलं.

हे एक क्रोटन जगलं ते मोरीच्या तोंडाशी होतं म्हणून. आंघोळीचं पाणी आपोआप जात होतं. त्यात माझं काही नाही.

आता कळलं, त्या फांदीला पातं न लावता मी परत का यायचे?

परत एकदा बघून आले. सातच्या सात आहेत. म्हणजे नवीन गळालं नाही. तासभर झाला असेल. हे चांगलं का? मान टाकलेली दोन तशीच. मातीला बोट लावून बघितलं, ओल आहे. जास्त ओल तर नाही ना? जास्त झाली तर मुळं कुजतात असं तुम्ही कुणाला तरी सांगताना मी ऐकलं होतं, किती म्हणजे जास्त ते ऐकलं नव्हतं.

तर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सुमन माझ्यामागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "आत्याबाई, बांधा. मी फांदी धरते."

"आन न्हाई फुटली तर?"

"आन न्हाई बांधली तर? जायच्या दिशी झाड उपटून घेऊन ट्रकात बसनार हाय का तुमी?"

मग तिनं आपली पेटी उघडली. लग्नातली नायलॉनची साडी ज्या आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत आली होती, ती तिनं अजून जपून ठेवली होती. साडी बाहेर काढून ठेवली आणि पिशवी फाडून मला दिली. "ह्यात बांधा. बाहेरनं दिसंल. सोडायचं न्हाई. तुमी हात लावलेला दिसला ना, तर मी ह्यास्नी सांगनार."

सुनेनं सासूला असं म्हणावं! पण मला इतकं बरं वाटलं, आक्का. ज्या पोरीला मी दोन महिने आडून बोलत होते, की हिला पाण्याशिवाय काही दिसत नाही, तिनं साडी उघडी टाकून पिशवी दिली.

आणि ती खरंच राखण करायची. मी मोरीकडं गेले की आतून आवाज, "आत्याबाई, नुसतं बघा हं!" मी दोन्ही हात मागं बांधून बघायचे, शाळेत मास्तरांसमोर उभी राहिल्यासारखी. महिनाभर काही नाही. प्लास्टिकच्या आत थेंब जमायचे आणि जिरायचे. पाच आठवडे झाले. एका दुपारी छबीला कडेवर घेऊन उभी होते, तिनं बोट दाखवून "आँ" केलं. प्लास्टिकला चिकटून एक पांढरा धागा. मला वाटलं काथ्याचाच असेल. दुसऱ्या दिवशी त्याला फाटा फुटला होता!

ह्या खेपेला मी कुणालाही हाक मारली नाही. तोंडावर पदर धरून आत आले आणि चुलीपुढं बसले. सुमननं बघितलं, तिला कळलं. तिनं निम्मा कप चहा पुढं केला.

परवा तोडली. जास्त थांबायला सवड नव्हती, सोमवार जवळ आला. सुमननं फांदी धरली, मी खालून पातं चालवलं. चीक असा टपटपला की मला वाटलं रडतंय. प्लास्टिक हळूच सोडलं, गोळा न फोडता वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात ठेवला, भोवती माती. मग सुमन कात्री घेऊन आली आणि म्हणाली, पानं अर्धी कापायची.

मी ओरडलेच, "अगं, आधीच दहा पानं!"

"मोठ्या आत्याबाई कापायच्या. मी नवी नवरी असताना बघितलंय. पानं अर्धी केली की झाड पानी कमी मागतं, असं म्हनाल्या होत्या मला."

तुम्ही तिला सांगितलंत! तिनं विचारलं म्हणून सांगितलंत. मी तीस वर्षं शेजारी बसून म्हणत राहिले, ही बाई चांगली पानं कापून विद्रूप करते.

अर्धी कापली. त्यातलीच तीन गळालीत.

आता राहिलं मोरीजवळचं मूळ झाड. फांदी गेल्यावर तो नुसता खुंट दिसतोय. तुम्ही म्हणायचा, छाटलं की खालून फुटतं. पण फुटायला पाणी नको? आम्ही गेलो की मोरीत आंघोळ कोण करणार? डब्यातलं नाही जगलं तर हा खुंट तरी हवा ना मागं.

म्हणून काल सकाळी बायजाकडं गेले. ती दारात ज्वारीतले खडे निवडत होती.

मी म्हणाले, "बायजा, आमी गेल्यावर आक्काच्या झाडाला तेवढं पानी घाल."

"घालीन की."

"रोज, बरं का. तांब्याभर."

"व्हय, व्हय. जा तू बिनघोर."

मान वर न करता म्हणाली, सुपातल्या खड्यावर नजर ठेवून. आक्का, ते माझंच "व्हय" होतं! हुबेहूब. बायजा वाईट नाही, मीही वाईट नव्हते. पण दुसऱ्याच्या झाडाचं ओझं घेताना माणूस असंच "व्हय" म्हणतं. आणि तुम्हाला ते खाटेवरून ऐकू आलं असेल, नाही? तुम्हाला कळलं असेल. तरी रोज विचारायचा. जाब म्हणून नव्हे, आठवण म्हणून.

घरी आले. भाकरी थापताना दोन करपल्या. दिवसभर डोक्यात तेच. तुम्ही आल्या-गेल्याला फाटे वाटत सुटायचा, त्याचा मला किती राग! "घरची झाडं गावाला वाटून काय मिळतं?" म्हणायचे. कासाराच्या सुनेला दिलं, टपालवाल्याला दिलं, सुप्याच्या बाजारात वांगी विकणारीला दिलं. कधी कुणाला "माझं सांभाळ" म्हणाला नाहीत. "ने, तुझं" म्हणायचा. सांभाळ असं एकदाच म्हणालात, मला, तेही उठता येत नव्हतं म्हणून.

आज उजाडल्या-उजाडल्या परत बायजाकडं गेले.

"बायजा, झाड तुला दिलं."

"म्हंजे?"

"म्हंजे तुजं. आजपास्नं. उपटून चुलीत घातलंस तरी मी इचारायची न्हाई."

"माजं?" सूप बाजूला ठेवून उठली. माझ्यामागं आमच्या अंगणात आली, कमरेवर हात ठेवून झाडाभोवती एक फेरी मारली, आणि आक्का, तिचा आवाजच बदलला! "ही वाळकी फांदी कुनी ठिवली? आन आळं कुटाय? ह्याला आळं तरी हाय का? सर, सर तिथनं, मुळीवर पाय दिलायस तू!"

मी सरले.

घरात जाऊन खुरपं घेऊन आली. भिंतीच्या बुडाला उंदरानं पाडलेलं भोक होतं ना, ते मोठं केलं, तिच्या मोरीपासून आमच्या झाडापर्यंत वीतभर खोल चारी ओढली. तिच्या घरात सहा माणसं आंघोळ करणारी. त्यातली दोन हमालीला जातात, घासून आंघोळ करतात! घाम पुसत मला म्हणाली, "आता हिकडं पानी टाकायला यायचं न्हाई तू. आपोआप येतंय. लई पानी झालं तर कुजवशील."

मला! मला म्हणाली कुजवशील! मी वर तोंड करून म्हणाले, "न्हाई येत बाई, तुजं हाय."

म्हणजे त्या झाडाची काळजी थोडी उतरली. सगळी नाही उतरली, अर्धी ह्या डब्यात आहे. सोमवारी ट्रकमध्ये हादरे बसतील, तो नगरच्या पुढचा रस्ता कसा आहे देव जाणे, ऊन लागेल, गोळा फुटेल, छबी पानं ओढेल. दत्तू म्हणतो, डबा मागं भांड्यांत ठेव. मी नाही ठेवणार. सुमननं छबीला घ्यावं, मी डबा मांडीवर घेईन.

सगळ्यात मोठी धास्ती वेगळीच आहे. दत्तूला अजून काही ठाऊक नाही. आजच सकाळी डब्यापाशी उकिडवा बसला होता. म्हणाला, "आई, तू हे झाड जगवलंस. मोठ्या आईला किती बरं वाटलं असतं." मी तोंड फिरवलं, म्हणाले धूर गेला डोळ्यात. चूल पेटलेलीसुद्धा नव्हती.

आधी वाटलं होतं, झाडानं तिकडं नवं पान काढलं की त्याला सांगावं. हिरवं झाड समोर असलं की बोलायला सोपं जाईल, तोही फार मनाला लावून घेणार नाही. पण हे लिहिता-लिहिता वाटतं, ही पुन्हा माझी लबाडीच. झाड नाही जगलं तर काय, गप्प बसणार?

नाही. तुम्हाला शब्द देते, आणि ह्या खेपेला तुमच्याकडं बघून देते, मान खाली घालून नाही. चाळीच्या ओट्यावर डबा टेकवला, की पहिल्याच संध्याकाळी दत्तूला जवळ बसवीन. ही सात पानं तोवर राहोत, नाहीतर काडी उरो. सांगीन, की बाळा, तुझ्या मोठ्या आईची झाडं दुष्काळानं नाही नेली. त्या वर्षी आडाला पाणी होतं.

तो काय म्हणेल ते ऐकून घेईन.

तुमची धाकटी जाऊ,
चंद्रभागा